ऊन, धग आणि प्रारण

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच संकल्पनेभोवती फिरणारी निघाली, म्हणून या वेळचे प्रश्नोत्तरांचे सदर त्यांनाच दिले आहे. गंमत अशी, की त्या एकाच संकल्पनेला पाच वाचकांनी वेगवेगळी नावे दिली आहेत. कुणी तिला प्रारण म्हणतात, कुणी विकिरण, कुणी किरणोत्सर्ग, कुणी नुसतीच धग, तर एका वाचकांनी 'रेडिएंट एनर्जी' असे लिहून पुढे तीन प्रश्नचिन्हे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णतेच्या संक्रमणाचे वहन (पदार्थातून स्पर्शाने जाणे), अभिसरण (हवेच्या किंवा पाण्याच्या प्रवाहाबरोबर जाणे) आणि प्रारण असे तीन प्रकार दिले आहेत, म्हणजे प्रारण ही क्रिया झाली. कोशात मात्र प्रारण म्हणजे ऊर्जा असा अर्थ सापडतो. दोन्हींपैकी खरे काय? शिवाय नातीने विचारले, की सूर्याची उष्णता जर मोकळ्या अवकाशातून येते, तर ते अवकाश तापत का नाही? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : पुस्तकही बरोबर आहे आणि कोशही. 'लेखन' हा शब्द जसा लिहिण्याच्या क्रियेलाही चालतो आणि लिहून झालेल्या मजकुरालाही चालतो, तसेच 'प्रारण' या शब्दाचे झाले आहे. घोटाळा टाळायचा असेल तर क्रियेला प्रारण म्हणावे आणि जी जाते तिला प्रारण-ऊर्जा म्हणावे. एखाद्या वस्तूतून निघून विद्युतचुंबकीय तरंगांच्या रूपाने प्रवास करणारी ऊर्जा, एवढाच तिचा भौतिकशास्त्रातील अर्थ आहे. रेडिओचे तरंग, सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह), अवरक्त किरण, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सारी एकाच घरातील भावंडे असून त्यांच्यात फरक असतो तो तरंगलांबीचा. ही ऊर्जा इतर कोणत्याही ऊर्जेप्रमाणे जूलमध्ये मोजतात, आणि दर सेकंदाला किती जूल आले हे सांगायचे असेल तर वॅट वापरतात.

नातीचा प्रश्न मात्र पुस्तकाच्या वाक्यापेक्षा खोल आहे, आणि त्याचे उत्तर देताना मला नेहमी मनिऑर्डर आठवते. एके काळी मुंबईतील गिरणी कामगार गावाकडे पैसे पाठवत असे. टपाल कार्यालयाच्या खिडकीत त्याने नोटा दिल्या, गावी पोस्टमनने घरच्यांच्या हातात नोटा ठेवल्या; पण मधल्या प्रवासात ते पैसे नोटांच्या रूपात नव्हतेच, आणि वाटेतील कोणत्याही बाजारात त्यांची भाजी येत नव्हती. सूर्याच्या पृष्ठभागाशी उष्णता असते, आपल्या अंगणातील फरशीत उष्णता असते. मधल्या सुमारे १५ कोटी किलोमीटरच्या वाटेवर, जी वाट कापायला प्रकाशाला ८ मिनिटे आणि २० सेकंदांच्या आसपास वेळ लागतो, उष्णता नसते, प्रारण-ऊर्जा असते. ती कुणीतरी शोषून घेतली म्हणजे तिची पुन्हा उष्णता होते. अवकाशात शोषून घ्यायला जवळजवळ काहीच नाही, म्हणून तेथे तापायलाही काही नाही. तेथे एखादी वस्तू आणून ठेवली, तर ती मात्र चांगली तापते; चंद्राच्या विषुववृत्तावरील जमीन भर दुपारी १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते.

ही गोष्ट आपल्याला पटायला जड जाते, याचा थोडा दोष मराठी भाषेकडेही जातो. 'ऊन' हा शब्द संस्कृत 'उष्ण'वरून आला आहे. आपण 'ऊन-ऊन वरणभात' म्हणतो तेव्हा ऊन म्हणजे गरम, आणि 'अंगणात ऊन आले' म्हणतो तेव्हा ऊन म्हणजे सूर्याचा प्रकाश. भाषेने दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बसवल्यामुळे प्रकाश हा मुळातच गरम असतो, अशी समजूत आपण बोलायला लागतो तेव्हापासूनच होऊन बसते. प्रत्यक्षात दहा किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या विमानाबाहेर प्रखर ऊन असते आणि हवा मात्र उणे ५० अंशांच्या आसपास असते, कारण ते ऊन हवेतून जवळजवळ न अडखळता खाली निघून जाते; जमीन त्याने तापते, आणि हवा तापते ती मुख्यतः जमिनीमुळे.

घरी पाहायचे असेल, तर गच्चीवरील सोलर बंबाच्या काचेच्या नळ्यांवर भर दुपारी हात ठेवून पाहावा. आत पाणी हात भाजेल इतके तापलेले असते, पण नळीची बाहेरची काच जेमतेम कोमट लागते. ती नळी दुहेरी काचेची असते आणि दोन काचांमधील हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे वहन आणि अभिसरण या दोन्ही वाटा बंद होतात. उरते ती प्रारणाची वाट. तीही अशी, की आतील काचेवरील काळसर लेप ऊन भरपूर शोषतो, पण स्वतःकडून फारच थोडी प्रारण-ऊर्जा बाहेर सोडतो. कारखान्यातून निघालेली ही नळी म्हणजे आपल्या नातीच्या धड्याचे उत्तम चित्र आहे, आणि ते पुस्तकात का छापत नाहीत हे मला कळलेले नाही.

उन्हाचे मोजमापही सांगून ठेवतो, कारण पुढील उत्तरांत ते लागेल. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, सूर्याकडे सरळ तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर दर सेकंदाला सुमारे १,३६१ जूल, म्हणजेच १,३६१ वॅट येतात. निरभ्र दिवशी भर दुपारी त्यातील सुमारे १,००० वॅट जमिनीवर पोहोचतात. भारतात कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात हे ऊन किती पडते, याची पद्धतशीर मोजदाद करण्यात हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणी यांचा मोठा वाटा आहे. त्या १९४८ साली पुण्याच्या हवामान विभागात रुजू झाल्या, प्रारण मोजण्याची उपकरणे देशातच तयार व्हावीत म्हणून त्यांनी खटपट केली, आणि १९८० साली त्यांनी देशभरातील सौर प्रारणाच्या आकड्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

प्रश्न : आमच्या आजेसासूबाई म्हणत, "गॅसला आच आहे, पण धग नाही, म्हणून भाकरी चुलीसारखी होत नाही." आच, धग, झळ, ऊब हे शब्द एकाच अर्थाचे आहेत, की त्यांत शास्त्रीय फरक आहे? (गृहिणी, बार्शी)

उत्तर : आजेसासूबाईंचे वाक्य जसेच्या तसे भौतिकशास्त्राच्या वर्गात वापरावे, इतके ते बिनचूक आहे.

हे शब्द प्रयोगशाळेत घडलेले नसल्यामुळे त्यांच्या सीमा काटेकोर नाहीत, तरीही चुलीपुढे आयुष्य काढलेल्या माणसांनी ते उगाच वेगळे ठेवले नव्हते. 'आच' हा शब्द आगीच्या जोराबद्दल बोलतो. मंद आच, मोठी आच. 'झळ' बहुतेक वेळा वाऱ्याबरोबर येते. वैशाखातील झळा म्हणजे तापलेली हवा अंगावर येणे, म्हणजेच अभिसरण. 'ऊब' हा तर आगीचा शब्दच नव्हे, कारण गोधडी स्वतः काहीच देत नाही, ती आपलीच उष्णता आपल्यापाशी राखते. 'चटका' बसायला सहसा स्पर्श लागतो. आणि 'धग' म्हणजे स्पर्श न करता, वारा नसताना, दूर बसूनही तोंडाला जाणवते ती. इतक्या जवळचा दुसरा घरगुती शब्द प्रारण-ऊर्जेला मराठीत नाही. होळीपुढे उभे राहिले की तोंड भाजून निघते आणि पाठीला फाल्गुनातील रात्रीचा गारवा लागतच असतो, हा धगीचाच गुण आहे; गरम हवेने एवढी एकतर्फी वागणूक दिली नसती. चुलीसमोर बसून तोंडापुढे धान्य पाखडायचे सूप धरून पाहावे. धग त्याच क्षणी थांबते, सूप बाजूला केले की त्याच क्षणी परत येते, कारण ती प्रकाशाच्याच वेगाने येत असते. गरम हवा असती तर सुपाला वळसा घालून आली असती.

धग दिसत नाही, कारण तिचा बहुतांश भाग अवरक्त किरणांचा असतो. हे किरण विल्यम हर्षेल यांना १८०० साली सापडले. त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून प्रत्येक रंगात तापमापी ठेवली, आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढतो असे त्यांच्या लक्षात आले.

आता गॅसचे पाहू. निळ्या ज्योतीत जळण स्वच्छ होते, काजळीचे कण जवळजवळ नसतात, आणि नुसते तप्त वायू प्रारण-ऊर्जा फारशी सोडत नाहीत. गॅसची उष्णता तव्याला मिळते ती मुख्यतः तप्त वायू तव्यावर आदळल्यामुळे, आणि तव्याकडून भाकरीला मिळते ती वहनाने. चुलीची ज्योत पिवळी असते, कारण तिच्यात काजळीचे असंख्य कण तापून चमकत असतात. तो पिवळेपणा हेच धगीचे दृश्य टोक होय. निखाऱ्यांचा तर प्रश्नच नको. कोणतीही तापलेली वस्तू किती प्रारण-ऊर्जा सोडते, हे तिच्या निरपेक्ष तापमानाच्या (उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलेल्या) चौथ्या घातावर अवलंबून असते, असे योझेफ श्टेफान यांनी १८७९ साली दाखवले. त्यानुसार ८०० अंश सेल्सिअसच्या निखाऱ्यांचा थर दर चौरस मीटरला सुमारे ७५,००० वॅट सोडतो. म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या ७५ पट. तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी आराला, म्हणजे निखाऱ्यांना, टेकवून उभी केली, की तिचा पृष्ठभाग काही सेकंदांत कोरडा होतो, आतील वाफ कोंडते आणि पापुद्रा टम्म फुगतो. भाकरी सगळीकडून आराला चिकटलेली नसते, तरी तिच्यावर खरपूस ठिपके उठतात, ते धगीमुळे.

गॅसवर भाकरी भाजताना हल्ली जी जाळी ठेवतात, तिची युक्ती हीच आहे. ज्योत जाळीला तापवते, जाळी लालबुंद होते आणि मग ती जाळीच धग देऊ लागते. आजेसासूबाईंना ही जाळी दाखवता आली असती, तर त्या काय म्हणाल्या असत्या हे ऐकायला मला आवडले असते.

प्रश्न : लासलगावच्या केंद्रात कांद्यावर आणि आंब्यावर 'विकिरण' करतात. "किरणोत्सर्ग झालेला माल आम्ही का खावा?" असे गिऱ्हाइके विचारतात. मायक्रोवेव्हबद्दलही घरोघरी हीच भीती आहे. काय सांगावे? (कांदा व्यापारी, नाशिक जिल्हा)

उत्तर : आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण निम्मी भीती शब्दांतूनच आली आहे. हिंदीत 'विकिरण' म्हणजे आपले प्रारण. मराठी शालेय पुस्तकांत मात्र 'विकिरण' म्हणजे प्रकाश कणांवर आदळून विखुरणे, ज्यामुळे आकाश निळे दिसते. सरकारी कागदांतून आणि वृत्तपत्रांतून आलेली 'विकिरण प्रक्रिया' हा तिसराच अर्थ आहे. तेथे पदार्थावर ठरावीक मात्रेत किरण सोडणे अभिप्रेत असते. 'किरणोत्सर्ग' या तिन्हींपेक्षा वेगळा. काही अणूंची केंद्रके अस्थिर असतात आणि आपोआप फुटून कण किंवा किरण बाहेर टाकतात, तो किरणोत्सर्ग. तो आंरी बेकरेल यांना १८९६ साली युरेनियमच्या क्षारांत आढळला. किरणोत्सारी वस्तू हा दिवा मानला, तर प्रारण हा त्याचा उजेड. दिव्याचा उजेड आपल्या अंगावर पडला म्हणून आपण दिवा होत नाही. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात, जे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारले आहे, कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ म्हणजे तो दिवा आहे. कांदा त्याच्या उजेडातून जाऊन येतो, कोबाल्टला शिवतही नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा कांद्यातील अणूंची केंद्रके किरणोत्सारी करण्याइतकी नसते.

मग त्याने कांद्याला मोड येणे कसे थांबते आणि आंब्याच्या कोयीतील भुंगा कसा निकामी होतो? येथे प्रारण-ऊर्जेचा एक स्वभाव समजून घ्यावा लागतो. १९०० साली माक्स प्लांक यांनी अशी कल्पना मांडली, की ऊर्जेची ही देवघेव अखंड धारेने होत नाही, तर ठरावीक आकाराच्या पुड्यांत होते. तरंगलांबी जितकी कमी, तितकी पुडी मोठी. कोबाल्टच्या गॅमा किरणांची एक पुडी मायक्रोवेव्हच्या एका पुडीच्या बारा हजार कोटींहून अधिक पट मोठी असते. त्यामुळे एकूण ऊर्जा किती, आणि ती कोणत्या पुड्यांत आली, हे दोन अगदी स्वतंत्र प्रश्न होतात.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. अमेरिकेला आंबा पाठवण्यासाठी त्याला किमान ४०० ग्रे इतकी मात्रा द्यावी लागते; २००७ साली भारतीय आंबा अमेरिकेला जाऊ लागला तो याच प्रक्रियेनंतर. ४०० ग्रे म्हणजे किलोमागे ४०० जूल. एवढ्या ऊर्जेने एक किलो पाणी एक दशांश अंशानेही धड तापत नाही. पण ही क्षुल्लक ऊर्जा अशा प्रचंड पुड्यांत येते, की ती पेशीतील गुणसूत्रांचे बंध तोडते. किडीची वाढ आणि प्रजनन खुंटते, कांद्याचा कोंभ फुटत नाही. उलट मायक्रोवेव्हमध्ये एक किलो पाणी ६० अंशांनी तापवायचे, तर सुमारे अडीच लाख जूल लागतात, म्हणजे सहाशे पटींहून अधिक. तरीही त्यातील एकेक पुडी इतकी चिमुकली असते, की ती कोणताही रासायनिक बंध तोडू शकत नाही, पाण्याचे रेणू फक्त हलवते. मायक्रोवेव्हमधील अन्न गरम होते. त्यापलीकडे त्याला होणारे नुकसान जास्त तापवल्याचे असते, आणि ते कढईतही होते. दाराच्या काचेतील बारीक छिद्रांची धातूची जाळी हे तरंग अडवते, कारण त्यांची तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असून छिद्रे एखाद्या मिलिमीटरची असतात. ती जाळी फाटली असेल किंवा दार नीट लागत नसेल, तर मात्र भट्टी वापरू नये.

गिऱ्हाइकाला एवढे सगळे सांगायला वेळ नसेल, तर दिव्याचे आणि उजेडाचे उदाहरण पुरेसे आहे. वृत्तपत्रांनी 'मोबाइल मनोऱ्यांचा किरणोत्सर्ग' हा शब्दप्रयोग सोडून दिला, तर आपलेही काम हलके होईल. तेथे किरणोत्सर्ग नाही, प्रारण आहे. त्याचे आरोग्यावर काय परिणाम होतात, हा वेगळा आणि अभ्यासाचा विषय आहे, पण त्याची चर्चा चुकीच्या नावाने सुरू झाली की ती अणुभट्टीकडे वळते.

प्रश्न : थंडीत पारा फार उतरला, की आम्ही द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतो. शेकोटीची ऊब कामाला येते की धूर? आणि आभाळ आलेल्या रात्री थंडी कमी का असते? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यात दडलेले आहे. धग फक्त आगीतून निघते असे नाही. प्रत्येक वस्तू, मग ती कितीही थंड असो, आपल्या तापमानानुसार प्रारण-ऊर्जा सोडत असते आणि भोवतालच्या वस्तूंकडून घेतही असते. ही देवघेवीची कल्पना पिएर प्रेव्हो यांनी १७९१ सालीच मांडली होती. आपल्या बागेतील जमीन रात्री १० अंशांवर असेल, तर ती दर चौरस मीटरमागे सुमारे ३६० वॅट आकाशाकडे सोडते. आकाशातील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड त्यातील बराच भाग परत पाठवतात, पण हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असेल तर हिशेबात शंभर वॅटच्या आसपास तूट येते. ही तूट रात्रभर चालू राहते. ढग आले, की ते जवळजवळ जमिनीइतकीच धग खाली पाठवतात आणि तूट भरून निघते. ढगाचे काम छपरासारखे असते, एवढेच.

याचा पुरावा दवात मिळतो. रात्री उघड्यावर ठेवलेल्या गाडीचे टप पहाटे ओलेचिंब असते आणि शेजारीच झाडाखाली लावलेली गाडी कोरडी असते. हवा दोन्हींकडे तीच; फरक इतकाच, की उघड्यावरील टपाला वर थंड आकाश दिसत होते आणि झाडाखालील टपाला पाने दिसत होती. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठून गाड्यांच्या टपांवर आणि पानांवर हिमकण दिसतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत हवेचे किमान तापमान मात्र शून्याच्या वर छापलेले असते. यात कुणाची चूक नाही. हवामान खात्याची तापमापी जमिनीपासून उंचावर, पेटीच्या सावलीत असते. पान आणि टप मात्र आकाशाला ऊर्जा देऊन हवेपेक्षा काही अंशांनी थंड झालेले असतात. आपण पारा पाहता तेव्हा हे लक्षात ठेवावे: बागेतील पान आपल्या तापमापीपेक्षा थंड आहे.

आता शेकोटी. धुराचे पांघरूण बागेवर पसरते आणि त्याखाली ऊब टिकते, ही समजूत सर्वत्र आहे आणि ऐकायला ती पटण्यासारखीही आहे. परंतु धुराचे कण बहुतांशी एक मायक्रोमीटरपेक्षा लहान असतात, आणि जमिनीतून निघणाऱ्या धगीची तरंगलांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास असते. एवढ्या बारीक कणांना ती धग फारशी जुमानत नाही. धूर आपल्या डोळ्यांपुढील प्रकाश अडवतो म्हणून तो सगळेच अडवत असेल असे आपल्याला वाटते. उलट सूर्य उगवल्यावर तोच धूर ऊन अडवतो आणि बाग तापायला उशीर होतो. म्हणून ओला पालापाचोळा टाकून मुद्दाम धूर करण्यापेक्षा कोरडे जळण वापरणे हिताचे. उपयोगी पडते ती शेकोटीची उष्णता: काही धगीच्या रूपाने जवळच्या वेलींना मिळते आणि बाकीची हवा ढवळते. निवांत थंड रात्री जमिनीलगतची हवा सर्वांत गार असते आणि काही मीटर वर ती थोडी उबदार असते. लहान लहान शेकोट्या ही उबदार हवा खाली ओढून मिसळवतात. एकच मोठी आग लावली, तर तिची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि जळण वाया जाते. पहाटे बागेला विहिरीचे पाणी देण्याची आपल्याकडील पद्धतही योग्य आहे, कारण ते पाणी हवेपेक्षा पुष्कळ गरम असते आणि ओली जमीन दिवसभराची उष्णता जास्त धरून ठेवते.

प्रश्न : एका कार्यक्रमात आम्हाला 'रेडिएंट एनर्जी'वर चालणारी पेटी दाखवली. ऊन नको, वारा नको, बिल नको, निकोला टेस्ला यांनीच हा शोध लावून ठेवला होता, असे सांगण्यात आले. त्याच ठिकाणी एका कॅमेऱ्याने माझ्या शरीराभोवतीचे तेजोवलय रंगांत दाखवून त्यावरून माझा स्वभाव सांगितला. शरीरातून ऊर्जा बाहेर पडते हे विज्ञानही मानते ना??? (वाचक, ठाणे)

उत्तर : टेस्ला यांच्या नावावर असे अमेरिकी पेटंट खरोखर आहे, आणि त्याच्या शीर्षकात 'रेडिएंट एनर्जी' हे शब्दही आहेत. ते ५ नोव्हेंबर १९०१ रोजी मिळाले. त्यातील रचना साधी आहे: उंचावर एक निरोधित धातूचा पत्रा, जमिनीत दुसरा संपर्क, मधे विद्युतभार साठवणारे धारित्र; पत्र्यावर सूर्याचे किंवा तत्सम किरण पडले की धारित्रात भार जमतो. सूर्यातून विद्युतभारित सूक्ष्म कण वेगाने फेकले जातात, असे टेस्ला त्या वेळी समजत होते. अतिनील किरण धातूवर पडले की विद्युतभार बाहेर पडतो हे तेव्हा माहीत होते, पण त्याचे कारण आइनस्टाइन यांनी पुढे १९०५ साली सांगितले. सांगायचे असे, की त्या पेटंटमध्येसुद्धा किरण पडावे लागतात. ऊन वगळून चालणारी पेटी टेस्ला यांच्या नावे विकणारा माणूस टेस्ला यांचेच कागद वाचायला विसरला आहे.

हिशेब आपण स्वतः करू शकता. भर दुपारी एक चौरस मीटरवर १,००० वॅट ऊन पडते. चांगली सौर तबकडी त्यातील सुमारे पाचव्या हिश्शाची वीज करते. घराला ५ किलोवॅट हवे असतील, तर २५ चौरस मीटर छप्पर लागेल, तेही फक्त दुपारी. पेटीच्या विक्रेत्याला एवढेच विचारावे, की आत येणारी ऊर्जा कोणत्या बाजूने, किती चौरस मीटरमधून आणि किती वॅटने येते.

तेजोवलयाचे निराळे आहे, कारण आपले शेवटचे वाक्य खरे आहे. आपल्या त्वचेच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ५०० वॅट प्रारण-ऊर्जा अखंड बाहेर पडते, आणि २५ अंशांच्या खोलीतील भिंतींकडून सुमारे ४५० वॅट परत मिळते. करोनाच्या काळात कपाळासमोर धरली जाणारी तापमापक बंदूक हीच ऊर्जा मोजत असे. ती आपल्यात काही सोडत नव्हती, आपण सोडलेले घेत होती. पण ही ऊर्जा ठरते ती त्वचेच्या तापमानावरून. संत, सावकार आणि गोठ्यातील म्हैस यांची त्वचा सारख्याच तापमानाची असेल, तर तिघांचे 'तेज' सारखेच भरेल. 'चेहऱ्यावर तेज आहे' हा मराठीतील सुंदर वाक्प्रचार आहे आणि तो समाधानाबद्दल, आरोग्याबद्दल, प्रसन्नतेबद्दल काही खरे सांगतो. त्याला वॅटमध्ये मोजायला निघाले की तो वाक्प्रचारही बिघडतो आणि वॅटही. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रातील तांबडा, पिवळा आणि निळा हे रंग तर शरीरातून आलेलेच नसतात. तापमानाच्या आकड्यांना ते यंत्र देते, आणि तेच चित्र करड्या छटांतही काढता येते. 'वलयाचे' कॅमेरे म्हणून जे मिरवतात, त्यांतील काही तर एवढेही करत नाहीत.

असा उष्णता टिपणारा कॅमेरा पुन्हा कुठे पाहायला मिळाला, तर एक प्रयोग करावा. घासून लखलखीत केलेला पितळी तांब्या उकळत्या पाण्याने भरून समोर ठेवावा आणि त्यावर ओल्या गंधाचे एक बोट ओढून ते वाळू द्यावे. चकचकीत धातू प्रारण-ऊर्जा फार थोडी सोडतो, हे जॉन लेस्ली यांनी १८०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले होते. म्हणून पडद्यावर तांब्या थंड दिसेल, त्यात समोर उभ्या असलेल्या माणसाचे अंधुक प्रतिबिंबही दिसेल, आणि गंधाचा तेवढा पट्टा मात्र झगझगीत उजळलेला असेल. त्या तांब्याचा स्वभाव काय, हे कॅमेरेवाल्यालाच विचारावे.